जेवणानंतरचा तुकडा

माझ्या सासऱ्यांचं केस कापायचं दुकान आहे. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर खाली दुकान आणि वर आमचं घर. तीन खुर्च्या, तीन आरसे, खिडकीपाशी वर्तमानपत्रं टाकलेला बाक, आणि लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची एक गुळगुळीत फळी. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पण रस्त्यावर जाऊन अण्णा कोण म्हणून विचाराल तर कुणी सांगू शकणार नाही. तिथं ते चॉकलेटमामा.

हे नाव मुलांनीच ठेवलं. फळीवर बसवलं की निम्मी मुलं भोकाड पसरायची, आणि कात्री कानाजवळ आली की उरलेली निम्मी. मग अण्णा मधल्या आरशाखालचा खण उघडायचे, एक चॉकलेट मुलाच्या मुठीत द्यायचे आणि एक स्वतःच्या तोंडात टाकायचे. "तू एकटा नाहीस रे बाबा, मीपण घाबरलोय," असं म्हणायचे. मूल हसायचं, केस कापून व्हायचे. अडचण एवढीच, की मुलं काही दिवसभर येत नाहीत, आणि अण्णांची भीती मात्र दिवसभर जायची नाही. गिऱ्हाईक बदललं की एक. फोन आला की एक. वीज गेली की एक, आली की त्या आनंदात आणखी एक. सासूबाई त्यांचा कामाचा डगला धुवायला टाकण्याआधी खिडकीबाहेर धरून झटकायच्या, तेव्हा खिशातून चंदेरी कागदांचा पाऊस पडायचा.

खाण्यासारखंच त्यांचं बोलणं. थांबणं म्हणून नाही. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, सासूबाई अबोल आहेत. पुढं कळलं, त्या अबोल नव्हत्याच. त्यांना कधी जागाच मिळाली नव्हती.

एका दुपारी अण्णा शाळेतल्या गणिताच्या मास्तरांची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता, आणि अण्णा नेहमीप्रमाणे काहीतरी रंगवून सांगत होते. सांगता सांगता वाक्य मध्येच तुटलं. मास्तरांनी डोळे उघडले तर अण्णा वस्तरा मिटून ठेवत होते, फार सावकाश, जणू काचेचा आहे. "मास्तर," ते म्हणाले, "मला तुम्ही दोन-दोन दिसताय. जरा बसतो." आणि शेजारच्या खुर्चीत बसले ते कलंडलेच.

मास्तर तसे किडकिडीत अंगाचे, पण त्या दिवशी त्यांनी अण्णांना खांद्यावर रेलवून घेतलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात नेलं. गळ्यात पांढरा कपडा, अर्ध्या तोंडाला फेस. वाटेत लोकांना कळेना, कोण कुणाला घेऊन चाललंय आणि दुखतंय नक्की कुणाला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. निरोप मिळाला तशी धावत गेले. मला आधी मास्तरच दिसले. दाराशी उभे होते, फेस गालावर वाळून पापुद्रे धरले होते. मी त्यांचे आभार मानायला लागले तर म्हणाले, "आभार राहू देत, आत जा. ते बोलायला लागलेत, म्हणजे बरे आहेत."

बरे होते आणि नव्हतेही. रक्तातली साखर खूप वाढलेली, रक्तदाबही चढलेला, वजन तर डोळ्यांनाच दिसत होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं, जेवण सुधारा म्हणाले, आणि गोडाचा हात आखडता घ्या म्हणाले.

आमच्या अण्णांना आखडता हात माहीतच नव्हता. त्यांना दोनच गोष्टी यायच्या, मूठभर घेणं किंवा मूठ आवळणं. घरी आले आणि जिन्यातूनच जाहीर केलं, "आजपासून या घरात गोड बंद. सगळ्यांचं." दुकानातला खण त्यांनी रिकामा करून पुसून काढला. चहातली साखर गेली, बिस्किटं गेली, माझ्या नवऱ्याचा मुरंब्याचा डबा शेजारी गेला. नवरा दिवसभर लोकांच्या घरी विजेची कामं करतो, दमून येतो. त्यानं एकदा विचारलं, "अण्णा, साखर तुमची वाढली, माझी शिक्षा का?" अण्णा म्हणाले, "एकाच रक्ताचे आहोत."

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने त्यांनी कमाल केली. पहाटे चालायला जायचे. ताटात निम्मी भाजी, मूठभर डाळ, भात चमच्यानं मोजल्यासारखा. वजन उतरलं, चढलेला रक्तदाब खाली आला, डॉक्टर खूश झाले. पण घरातून कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटायला लागलं. अण्णा जेवायला बसायचे ते कामाला बसल्यासारखे. बोलायचे, पण आता ते भाषण असायचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की सुरू. साखर कशी विष आहे, माणूस जिभेचा कसा गुलाम आहे. मास्तर एकदा मला म्हणाले, "कानाशी कात्री असताना वाद कोण घालणार? मी आपला हो हो म्हणतो आणि घरी जाऊन चहात दोन चमचे घालतो."

फळीवरच्या मुलांना ते चॉकलेटऐवजी बदाम द्यायला लागले. मुलं हातातल्या बदामाकडे बघायची, अण्णांकडे बघायची, आणि आधी रडत नसली तरी आता रडायची.

माझं सांगायचं तर मला चॉकलेट आवडतं. माझ्या माहेरी खाण्यावरून फार बोलणी व्हायची. मी अंगानं भरलेली होते, त्यामुळे प्रत्येक घासावर कुणाची तरी नजर असायची. लपवून खायची सवय मला तेव्हापासून लागलेली. लग्नानंतर ती हळूहळू सुटत होती, अण्णांच्या बंदीनं परत आली. कामावरून येताना मी चॉकलेटची एक वडी आणायचे आणि जाड पांघरुणांच्या पेटीत, तळाशी ठेवायचे. गरमीच्या दिवसांत त्या पेटीला कोण हात लावतंय?

एकदा कामावरून लवकर सुटले. घरी आले तर सासूबाई बाहेर गेलेल्या, मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत अण्णा जमिनीवर बसले होते. पेटी उघडी, पांघरुणं इकडं तिकडं पडलेली, आणि माझी पुरी वडी त्यांच्या हातात. चावत होते, गिळत होते, पुढचा घास तोडत होते. एखाद्याला गाडी पकडायची असावी तसं. मला पाहिलं आणि तोंड तसंच भरलेलं असताना थांबले. हनुवटीला तपकिरी डाग. एवढा मोठा माणूस, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा दिसत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"सूनबाई," कसंबसं गिळून ते म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण अण्णा, ती वडी माझी आहे. मीपण तुम्हाला सांगितलं नव्हतं."

अण्णा शेजारची जागा हातानं झटकून म्हणाले, "बस."

मी बसले. त्यांनी सांगितलं की गोड शोधत घर उलथताना ही वडी सापडली, आणि हे पहिल्यांदा नाही. पंधरवडाभर कडक राहायचं, मग एक दिवस बांध फुटायचा. दुकानाच्या मागच्या बाजूला, गिऱ्हाईक नसताना, अख्खी वडी एका दमात. मग स्वतःची लाज वाटून दुसऱ्या दिवशी जवळजवळ उपाशी राहायचं. चक्कर यायची, ती कुणाला कळू द्यायची नाही.

"निदान गोड तरी लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी हातातल्या रिकाम्या कागदाकडे पाहिलं. "कळलंच नाही गं," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

दवाखान्यात आठवड्यातून एकदा आहारतज्ज्ञ बाई बसायच्या. डॉक्टरांनी आधीच त्यांच्याकडे जायला सांगितलं होतं, पण अण्णा म्हणायचे, बंदच केलंय तर विचारायचं काय? आता मी म्हटलं, मी येते सोबत. ते तयार झाले. सासूबाईंना त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डगल्याच्या खिशात कागद सापडत होते मला. वाट बघत होते, कधी सांगताय."

आहारतज्ज्ञ बाई चांगल्या ऐसपैस होत्या, हसणं खोलीभर. अण्णांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं आणि ओरडा खायला तयार होऊन बसले. उपाशी राहण्याबद्दल मात्र बाई खरोखर ओरडल्या. "गोळ्या चालू असताना जेवण चुकवायचं? पुन्हा चक्कर आली आणि हातात वस्तरा असला तर?" मग बाईंनी टेबलाच्या खणातून गडद रंगाच्या चॉकलेटची वडी काढली, अंगठ्याएवढा तुकडा मोडला आणि कागदावर त्यांच्यापुढं ठेवला. "खा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हा सापळा तर नाही? मग तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला, गिळला.

"दाढी अशीच करता का हो?" बाईंनी विचारलं.

"अशी म्हणजे?"

"अशी घाईघाईनं."

"छे! कापेल ना. दाढीला कसं, पाणी लावायचं, फेस मुरू द्यायचा, मग केसाची दिशा बघून..." आणि अण्णा थांबले. बाई नुसत्या हसत राहिल्या. अण्णाही मग ओशाळून हसले.

बाईंनी समजावलं ते साधं होतं. पोटभर, नीट जेवल्यावर असा एक छोटा तुकडा चालेल. गडद, कमी साखरेचा. तो जेवणात धरायचा, जेवणावर वरकड नाही. ज्या दिवशी दुसरं काही गोड खाल्लं त्या दिवशी तुकडा नाही. चालणं आणि गोळ्या सुटता कामा नयेत, साखर तपासत राहायची, आणि आकडा वर गेला तर परत यायचं, पुन्हा ठरवू. "आणि लोक सांगतील, चॉकलेट हृदयाला चांगलं, अमक्याला चांगलं," त्या म्हणाल्या. "असेल थोडंफार. पण मी ते औषध म्हणून देत नाही. तुम्हाला आवडतं म्हणून देते. आवडणारं सगळं काढून टाकलं की माणूस पथ्य फार दिवस पाळत नाही."

बाहेर येऊन रस्ता ओलांडताना अण्णा म्हणाले, "सोडून देणं सोपं होतं गं. हे जमेल का मला?"

घरी येऊन त्यांनी वडी सासूबाईंपुढं धरली. "हे तू ठेव. कपाटाला कुलूप लाव, किल्ली तुझ्याकडे. रोज एक तुकडा मला दे."

सासूबाईंनी हात पदराला पुसले, वडी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या उघड्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. "आयुष्यभर तुमचे डगले झटकले," त्या म्हणाल्या. "आता पहारा करायला सांगू नका. वडी इथं राहील. हात तुमचा आहे, तुम्हीच सांभाळा."

मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण अण्णा त्या वडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

सुरुवात काही गोड नव्हती, अगदी शब्दशः. पहिला तुकडा तोंडात ठेवून त्यांनी असा चेहरा केला की नवरा पाणी आणायला उठला. "हे चॉकलेट आहे की डांबर?" म्हणाले. पण थुंकला नाही. बाईंनी सांगितलं होतं, चावायचा नाही, जिभेवर ठेवायचा. एकदा मध्येच बांध फुटला आणि त्यांनी निम्मी वडी संपवली. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी स्वतःच सांगितलं आणि उपाशी न राहता नेहमीचं जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तुकडा. हळूहळू त्यांना त्या कडूपणातलं काही काही सापडायला लागलं. "आधी भाजल्यासारखं लागतं," मला सांगायचे, "मग मागून आंबट येतं, मनुकेसारखं. एवढी वर्षं मी नुसती साखर खात होतो की काय!"

यातून घरात जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. तुकडा तोंडात असेपर्यंत अण्णांना बोलता यायचं नाही. दुपारी दुकान बंद करून ते वर जेवायला यायचे. जेवण झालं की तुकडा जिभेवर, डोळे मिटलेले, आणि घर शांत. पहिले काही दिवस आम्ही सगळे त्या शांततेला बिचकलो. मग एका दुपारी सासूबाई बोलायला लागल्या. आधी गुडघा दुखतो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. आणि मग एकदा, ताटं गोळा करता करता अगदी सहज म्हणाल्या, "लहानपणी घराजवळ तलाव होता. सगळे भाऊ पोहायचे. मला काठावर कपडे राखायला बसवायचे. मला पोहायला शिकायचं होतं."

अण्णांनी डोळे उघडले. काहीतरी बोलायला गेले, तर सासूबाईंनी बोट दाखवलं. "आधी ते विरघळू द्या." नवरा असा हसला की त्याला ठसका लागला. अण्णा तोंड मिटून बसले. तुकडा संपल्यावर म्हणाले, "इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"बोलले असते," सासूबाई म्हणाल्या. "कधी बोलू, ते सांगा."

ते उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "आता बोल," म्हणाले. त्या दुपारी दुकान उशिरा उघडलं, आणि बाकावर वाट बघत बसलेल्या मास्तरांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं.

पुढच्याच महिन्यात सासूबाई सार्वजनिक तरणतलावावर बायकांच्या वेळेत जायला लागल्या. गुडघ्यालाही ते बरं, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा पहाटेचं चालणं त्या बाजूला वळवून त्यांना दारापर्यंत सोडायचे, भोवतीच्या रस्त्यानं फेऱ्या मारायचे आणि सोबत परत आणायचे. शिकवणाऱ्या मुलीला सासूबाई म्हणाल्या होत्या, बाळ, मी लवकर घाबरते. ती म्हणाली, आजी, घाबरा, पण श्वास सोडा.

दुकानातला खण परत भरला, पण आता अण्णा आधी मुलाच्या आईला किंवा बापाला विचारतात, चालेल का म्हणून. केस कापून झाल्यावर एक छोटं चॉकलेट, तेही मुलालाच. "मामा, तुम्ही नाही घेत?" असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माझं जेवणानंतर असतं. आता तूच खा, मी बघतो." आणि खरंच कात्री बाजूला ठेवून बघत उभे राहिले.

तपासण्या चालू आहेत. साखर कधी थोडी वर, कधी खाली, पण डॉक्टरांनी गोळी वाढवलेली नाही. एकदा आकडा वर गेला तेव्हा बाईंनी तुकडा एक दिवसाआड केला. अण्णांनी तेही मानलं. कुरकुरत, पण मानलं.

मला जे मिळालं ते तर कुठल्या तपासणीत दिसणारच नाही. मिठाच्या बरणीशेजारी उघड्यावर ठेवलेल्या वडीतून मीही जेवणानंतर एक तुकडा घेते, सगळ्यांसमोर. कुणी बघत नाही, म्हणजे बघतात, पण तसं बघत नाहीत. एकदा अण्णांनी माझ्यासाठी मोडलेला तुकडा त्यांच्या तुकड्यापेक्षा मोठा होता. मी म्हटलं, "अण्णा, जास्त झाला." ते म्हणाले, "खा गं. तुझी तब्येत चांगली आहे, आणि तू आमची आहेस." बोलता बोलता बोलून गेले आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले. मी मात्र तो घास कितीतरी वेळ तोंडात धरून बसले होते. लहानपणापासून ज्या घासांचा हिशेब मला द्यावा लागला होता, ते सगळे त्या एका वाक्यात माफ झाले असं मला वाटलं. मी त्यांना कधी तसं म्हटलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात सासूबाईंनी तलाव पहिल्यांदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पार केला. त्या दिवशी घरच्यांना आत येऊ दिलं होतं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. मधोमध सासूबाई जरा थांबल्यासारख्या झाल्या तर याच माणसानं श्वास धरला. मी बाजूला होते, मला दिसलं. मग त्या पुढं निघाल्या, कडेला हात लागला, आणि डोक्यावरची रबरी टोपी सारखी करत त्यांनी वर बघितलं. अण्णांनी काही म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण नुसते टाळ्या वाजवत राहिले, इतर सगळ्यांच्या थांबल्या तरी.

परतताना नवरा म्हणाला, "अण्णा, आज काहीतरी खास हवं. बोला, काय आणू?"

"घरी जाऊन जेवू," अण्णा म्हणाले. "मला भूक लागलीय." आणि ओल्या केसांच्या सासूबाईंच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली, त्यांच्या चालीनं चालायला लागले आणि विचारलं, "पाण्याखाली कसं दिसतं गं? सांग ना. मला नीट सगळं सांग."

सासूबाई सांगत राहिल्या, थेट घर येईपर्यंत.